गाडी मागचा टायर आतून खाते, आणि अलाइनमेंटवाला म्हणतो ‘मागे काही होत नाही’

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ४१ हजार किलोमीटर झालेली. मागचा डावा टायर आतल्या कडेला तार दिसेपर्यंत झिजला, बाहेरून मात्र अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक. मागचे दोन्ही टायर नवे टाकले, वर्षात दोनदा अलाइनमेंट केलं, तरी ९ हजार किलोमीटरमध्ये डावा पुन्हा आतून गुळगुळीत गोटा, तार दिसेपर्यंत. मधे ‘घूं घूं’ आवाज येतो म्हणून मागचं हब बेअरिंगही (चाक ज्यावर फिरतं ते) बदलून झालं, आवाज तसाच. स्टेअरिंग अगदी सरळ, गाडी कुठेच ओढत नाही. अलाइनमेंटवाल्याचं म्हणणं, ‘या गाडीला मागे सेटिंगच नाही, टायर बदलत राहा.’ सोबत रिपोर्टचा फोटो पाठवलाय. अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागेल का, हा मुख्य सवाल.

आधी एक काम आजच करा. तार दिसणारा टायर काढून स्टेपनी लावा, आणि स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या मर्यादेत चालवा. मागचा टायर फुटला तर गाडी सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

आता तुमचा रिपोर्ट. वरच्या अर्ध्या भागात पुढची चाकं, सगळं हिरवं. खालच्या अर्ध्या भागात मागची, आणि तिथे डावीकडे दोन आकडे लाल (शब्दांचे अर्थ पुढे सांगतो). डाव्या चाकाचा टो उणे ०.६२ अंश, उजव्याचा अधिक ०.१०. डावा कॅम्बर उणे २.१, उजवा उणे १.०. थ्रस्ट अँगल ०.३६. उत्तर या पाच आकड्यांत आहे. मशीनने चारही चाकं मोजली, कागद छापला, आणि तुम्हाला पैसे फक्त वरच्या अर्ध्याचे पडले. खालचा अर्धा कुणी वाचलाच नाही.

‘मागे सेटिंग नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. दोन बाजूंना दोन हात, मधे त्यांना जोडणारी एक पिळवटू शकणारी आडवी पट्टी, आणि पुढच्या टोकांना दोन मोठे रबरी बुश. चाकाचा कोन कारखान्यात ठरतो, पुढच्यासारखा टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून तो बदलायची सोय नसते. इथवर बरोबर. पण ज्याला सेटिंग नाही त्याचा आकडा आपोआप बिघडतही नाही. बिघडलाय म्हणजे काहीतरी वाकलंय, फाटलंय किंवा सरकलंय. न फिरणारं घड्याळ चुकीची वेळ दाखवत असेल तर ‘याला चावीच नाही’ म्हणून कुणी सोडून देतं का?

टो आणि कॅम्बर, दोन ओळींत. उभं राहून स्वतःच्या पायांकडे बघा. चवडे आत वळले तर टो-इन, बाहेर फाकले तर टो-आउट. बहुतेक मशीनवर अधिक म्हणजे इन, उणे म्हणजे आउट. कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत कलला (उणे) की बाहेर (अधिक). टॉर्शन बीमच्या बऱ्याच गाड्यांत मागे उणे एक अंशाच्या आसपास कॅम्बर मुळातच दिलेला असतो, त्यामुळे उजवीकडचा उणे १.० बघून घाबरू नका, ते निरोगी चाक आहे. आणि रिपोर्ट अंशात आहे की मिनिटांत ते नीट बघा. अर्धा अंश एका मशीनवर ०.५० दिसतो, दुसऱ्यावर ०°३०′. या घोळात चांगल्या गाड्या बिघडवलेल्या मी पाहिल्यात.

आता तुमचं स्टेअरिंग सरळ कसं, हे समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच झालाय. तुमची मागची दोन्ही चाकं थोडी डावीकडे बघताहेत: डावं फाकलंय, उजवं किंचित आत वळलंय. दोघांचा मिळून जो सरासरी रोख, ती थ्रस्ट लाइन, आणि बॉडीच्या मधल्या रेषेशी तिचा जो कोन, तो थ्रस्ट अँगल. गाडी बॉडीच्या मधल्या रेषेने चालत नाही, ती थ्रस्ट लाइनने चालते. मागची चाकं डावीकडे रोखलेली, म्हणून सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच डावीकडे धरावी लागतात, आणि स्टेअरिंग डावीकडे झुकलेलं दिसतं. अलाइनमेंटवाला काय करतो? स्टेअरिंग मधोमध बांधतो आणि दोन्ही टाय रॉड फिरवून पुढची चाकं मागच्यांच्या रोखाला आणून ठेवतो. स्टेअरिंग सरळ, गिऱ्हाईक खूश. गाडी मात्र खेकड्यासारखी तिरकी चालते आणि मागचा बिघाड जिथे होता तिथेच.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं नाही, मार खाऊन शिकलोय. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे फक्त पुढची चाकं मोजणारं मशीन होतं. एका मास्तरांची गाडी तीनदा सरळ करून दिली, तीनदा ते हसतमुखाने परत आले. चौथ्या वेळी जुलैचा पाऊस नुकताच थांबला होता. गॅरेजसमोरच्या रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यातून ते कोरड्या डांबरावर आले आणि मी मागून बघत होतो. पुढच्या चाकांच्या ओल्या पट्ट्यांवर मागच्यांच्या पट्ट्या बसतच नव्हत्या. एका बाजूला दोन बोटं बाहेर, दुसऱ्या बाजूला तितक्याच आत. मास्तर काही बोलले नाहीत, पण त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. ही पाण्याची परीक्षा तुम्हीही करू शकता, फक्त रस्ता सपाट आणि सरळ हवा, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या रुंदीत मुळातच थोडा फरक असतो हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना सारखंच आत किंवा सारखंच बाहेर दिसलं तर काही दोष नाही.

झिजेचं गणित लोक इथे चुकतात. ‘डाव्याचा टो ०.६२ बिघडला म्हणून डावाच झिजला’ असं वाटतं, पण नुसत्या टोने तसं होत नाही. गाडी थ्रस्ट लाइनने चालते म्हटल्यावर मागच्या दोन्ही चाकांचा एकूण टो, म्हणजे इथे उणे ०.५२, दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. प्रत्येक टायर रस्त्यावर ०.२६ अंश तिरका घासतो. किती वाटतं? दर किलोमीटरला साधारण साडेचार मीटर आडवं फरफटणं. ९ हजार किलोमीटरमध्ये चाळीस किलोमीटर टायर आडवा ओढला गेला. उजव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, तिथेही करवतीचे दात लागतील. पण डाव्याला त्यावर दोन अंशांहून जास्त कॅम्बर आहे, म्हणजे वजन आधीच आतल्या कडेवर टेकलेलं, आणि त्याच कडेला फरफट. म्हणून डावा तारेपर्यंत गेला आणि उजवा नुसता खरखरीत झाला. एकटा कॅम्बर टायर फार सावकाश खातो. टोची जोड मिळाली की टायर महिन्यांत संपतो.

हात फिरवायचा म्हणजे कसा, तेही सांगतो. तळहात टायरवर सपाट ठेवा, आधी बाहेरून आत न्या, मग आतून बाहेर आणा. एकीकडे गुळगुळीत आणि उलट दिशेने मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं अडलं, तर टो. कुठेच न अडता एका कडेला नुसता उतार लागला, तर कॅम्बर. दोन्ही खांदे झिजून मधला भाग उंच असेल तर हवा कमी होती, मधला पट्टा खाली गेला असेल तर जास्त. ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा. मात्र मागच्या हलक्या चाकाला टो बिघडल्यावरही तिरके चट्टे पडतात, तिथे उगाच शॉकअपचा जीव घेऊ नका. तार बाहेर आलेल्या टायरवर मात्र हात फिरवू नका, बोट कापतं.

तुमच्या ‘घूं घूं’चं मूळ हेच चट्टे. बेअरिंग आणि टायर यांचा आवाज इतका सारखा असतो की चांगले मेकॅनिक फसतात. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने हलकेच डावी-उजवी लहर घ्या. वजन एका बाजूला गेल्यावर आवाज ठळकपणे वाढला किंवा गेला, तर बेअरिंगचा संशय घ्या. लहर घेऊन काही फरक नाही, पण काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाजाचा पोत बदलतो, तर टायर. तरीही शंका असेल तर मागची चाकं पुढे लावून बघा. आवाज पुढून यायला लागला की निकाल लागला. बेअरिंग बदलायच्या आधी हे पंधरा मिनिटांचं काम कुणीतरी करायला हवं होतं.

आता दोष कुठे आहे तो शोधू. तुमच्या केसमध्ये टो आणि कॅम्बर दोन्ही एकाच चाकाचे बिघडलेत, दुसरं चाक धडधाकट आहे. अशा वेळी माझं पहिलं बोट स्टब अ‍ॅक्सलकडे जातं, म्हणजे हब ज्याच्यावर बसतं तो खुंटा, आणि दुसरं बीमच्या टोकाच्या त्या पाटाकडे जिथे तो खुंटा बोल्टने बसतो. नुसता थ्रस्ट अँगल बिघडला असता आणि एकूण टो व दोन्ही कॅम्बर ठीक असते, तर बीम जागेवरून सरकलाय किंवा बुश गेलाय म्हटलं असतं. गाडी हलवून पुन्हा मोजल्यावर दर वेळी वेगळा आकडा आला तर बुश नक्की फाटलाय.

पण त्याआधी मापच खरं आहे का ते तपासून घ्या. टार्गेट (मशीन वाचतं ती चाकाला अडकवायची पाटी) लावल्यावर गाडी मागेपुढे ढकलून मशीनला रिमचा डगमग समजून घेऊ द्यायचा असतो. गर्दीच्या दिवशी हीच पायरी गाळतात. अलॉय किंचित वाकलेलं असेल तर आकडा तिथेच फसतो. डाव्या चाकाचं मोजमाप झालं की रिम आणि टार्गेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा घ्यायला सांगा. आकडा बदलला तर दोष रिमचा किंवा क्लॅम्पचा, अ‍ॅक्सलचा नाही. शिवाय चारही टायरांत थंड असतानाची योग्य हवा, चारही एकाच मापाचे, डिकी रिकामी. मागचं चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडून धरून हलवा. मागे स्टेअरिंगचे जॉइंट नसतात, त्यामुळे तिथे जराही खेळ लागला तर तो बेअरिंगचा किंवा बुशचा, तिसरा कुणाचा नाही.

मशीनवर विश्वास नसेल तर सुतळी आणि ओळंबा काढा. सपाट फरशीवर रिमसमोर ओळंबा सोडा, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजा. १४ इंची रिमला एक अंश कॅम्बर म्हणजे दोन अंतरांत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास फरक. तुमच्या डाव्या आणि उजव्या चाकात तेवढा फरक शाळेच्या पट्टीनेही दिसेल. टोसाठी सुतळी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणावी लागते आणि तिथे एक मिलिमीटरची चूकही महागात पडते, म्हणून त्या मापाने ‘काहीतरी वाकलंय’ एवढंच कळतं, सेटिंग करता येत नाही.

वाकलं कसं असेल? डाव्या रिमची बाहेरची कड बघा, ओरखडा किंवा बसलेला घाव असण्याची शक्यता मोठी आहे. वळताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. आपण डावीकडून चालवतो, डाव्या वळणाला पुढचं चाक सुटतं आणि मागचं सोसायटीच्या गेटच्या कठड्याला किंवा साइडपट्टीच्या काठाला आपटतं. आवाज मागून येतो म्हणून ‘काही नाही, डिकीतलं सामान हललं’ म्हणून आपण पुढे जातो. दुसरी शक्यता जॅकची. टायर बदलताना बीमच्या मधोमध ट्रॉली जॅक लावून अख्खी मागची बाजू उचलायची सवय फार आहे. ती पट्टी पिळायला बनवलेली आहे, वजन पेलायला नाही. माझ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

सीएनजीचं सिलिंडर हे कारण असेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. टॉर्शन बीमला दोन्ही चाकं सारखीच दबली तर कॅम्बर आणि टो फारसे हलत नाहीत. सिलिंडरने स्प्रिंग बसतात, पुढचं नाक वर जातं, हेडलाइट आभाळात बघतात, ते वेगळं. एकाच चाकाला अंशाहून जास्त जादा कॅम्बर त्याने येणार नाही. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक दांडे) असलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. तिथे बसलेली स्प्रिंग थेट कॅम्बर आणि टोत दिसते, पण अशा गाड्यांना मागे सेटिंगची सोय सहसा असते, बहुधा एक्सेंट्रिक बोल्टची, म्हणजे फिरवला की कोन बदलतो अशा बोल्टची. कोकणातल्या गाड्यांत तो बोल्ट गंजून बुशाच्या नळीला चिकटतो, आणि मग ‘याला पण सेटिंग नाही’ असं सांगितलं जातं. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत सेटिंग नसतं ते खरंच, पण तिरकी चालत असेल तर आधी पाट्याचा सेंटर बोल्ट बघावा. तो तुटला की अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो.

तर दुरुस्ती. मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. डावं हब आणि ब्रेकचं सामान काढून खुंट्याचा आणि बीमच्या पाटाचा पृष्ठभाग स्वच्छ करून सरळ पट्टी लावून बघायची, उजव्याशी तुलना करायची. तुमच्या गाडीत खुंटा बोल्टने बसणारा असेल आणि पाट सरळ असेल, तर फक्त खुंटा बदला. तो बीमच्या मानाने पुष्कळ स्वस्त. ड्रमची मागची प्लेट त्याच बोल्टांत अडकलेली असते, ब्रेकचा पाइप ताणू देऊ नका. काम झालं की पुन्हा मोजा. अख्ख्या अ‍ॅक्सलची गरज यात बऱ्याचदा टळते.

खुंटा सरळ निघाला आणि पाट थोडा वाकलेला असेल, तर शिमचा पर्याय आहे. शिम म्हणजे निमुळती गोल चकती, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. ती खुंटा आणि पाट यांच्या मधे बसते आणि जाड बाजू कुठे ठेवली त्यावर टो आणि कॅम्बर दोन्ही एकदम दुरुस्त होतात. एका चाकाला एकच शिम, पूर्ण पृष्ठभागाला टेकणारी, दोन्ही बाजूंचा गंज घासून काढलेला. तुमच्या डाव्या चाकाला टोत पाऊण अंशाच्या आसपास आणि कॅम्बरमध्ये अंशाहून थोडं जास्त, असा मिळून सव्वा अंशाहून थोडा जास्त उतार लागेल. शिमच्या दृष्टीने ही हद्द आहे. अर्धा-पाऊण अंश असता तर मी बिनधास्त शिम सांगितली असती, इथे मी दुसऱ्या पसंतीला ठेवीन.

आणि चार बोल्टांपैकी दोघांखाली वॉशर घालून ‘सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटला, तर चहा पिऊन नमस्कार करून निघा. वॉशरने पाट अधांतरी राहतो, सगळा भार बोल्टांवर येतो, प्लेटला चीर जाते. बीम गॅसने तापवून ठोकणाराही तसाच. त्या पोलादाची ताकद उष्णतेने जाते, आणि ती गेलेली डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंगचं नावच नको.

बीमच वाकलाय असं ठरलं तर बदलावाच लागेल. जुन्या बाजारातून आणणार असाल तर आधी अपघातातल्या गाडीचा नाही ना ते बघा आणि बुश नवे टाका. नवा असो वा जुना, बुशचे मुख्य बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर बसलेली, तेव्हाच. नाहीतर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हा मुद्दा सांगितल्यावर अनेक मेकॅनिक तोंडाकडे बघतात, तरी सांगा.

मागचं झाल्यावर पुढचं अलाइनमेंट पुन्हा करावंच लागेल, कारण तुमची पुढची चाकं आज वाकड्या मागच्याला जुळवून बांधलेली आहेत. मागचं सरळ झालं की स्टेअरिंग वाकडं दिसेल. दुरुस्ती फसली असं समजून घाबरू नका, थ्रस्ट अँगल शून्याजवळ आलाय याची ती खूण. कुठल्याही गाडीला क्रम हाच: आधी मागे, मग पुढे.

नवे टायर कधी टाकायचे? दुरुस्तीनंतरच, आणि मागे. ‘ताकद पुढच्या चाकांना जाते म्हणून नवे पुढे’ असं टायरच्या दुकानात सांगतात, ऐकू नका. पावसात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटरची खूण असते, तिथे पोहोचलेला टायर बाद, मग तो कडेला पोहोचलेला असो वा मधे. टायर घेताना कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्याचा.

आणि टायर फिरवून बदलत राहण्याचा सल्ला सध्या तरी ऐकू नका. एरवी आठ-दहा हजार किलोमीटरला मी तो स्वतः देतो. पण वाकलेलं चाक असताना टायर फिरवले की झीज चारही टायरांत वाटली जाते आणि दोष झाकला जातो. तुमचा पहिला टायर ३२ हजारांपर्यंत टिकला तो बहुधा असाच.

दुरुस्ती झाल्यावर नक्षीची खोली मोजायचं छोटं माप घ्या, शे-दोनशे रुपयांत मिळतं. मागच्या दोन्ही टायरांची आत, मधे, बाहेर अशी तीन-तीन मापं नवे बसवल्याच्या दिवशी गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. दीड हजार किलोमीटरने पुन्हा, मग तीन हजारला पुन्हा. तीन हजाराला आतलं माप बाहेरच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त उतरलेलं दिसलं, तर नवा रिपोर्ट काढा आणि मला फोटो पाठवताना या वेळी खालचा अर्धा भाग वर धरून काढा.